पगार थांबला तर? : घरच्या पैशाची १२० दिवसांची नोंदवही

आधी एक गोष्ट. आकडे कुठल्याच चलनात दिलेले नाहीत. आमचा महिन्याचा खरा खर्च १०० धरलाय आणि बाकी सगळं त्याच मापात मोजलंय. माझा पगार १०५, बायकोचा ६०. खर्चात घराचा ईएमआय ३१ धरलेला आहे. ४० दरमहा शेअर फंडात जातात आणि २० आपोआप एफडीत. तुम्ही तुमचा महिन्याचा खर्च १०० धरा, म्हणजे पुढचं सगळं तुमच्या घराला लावून बघता येईल. मी सल्लागार वगैरे नाही, घरी जे केलं आणि जे फसलं ते लिहितोय.

दिवस १

ऑफिसात मीटिंग झाली. नवीन भरती बंद, पगारवाढ बंद, पुढच्या तिमाहीत "आढावा". हा शब्द ऐकला की पोटात गोळा येतो. रात्री दोघं कागद घेऊन बसलो. महिन्याचा खर्च आठवून आठवून लिहिला तर बेरीज ७८ आली. सेव्हिंगमध्ये ६० आणि एफडीत ४१० होते, म्हणजे सहा महिने आरामात निघतील असं वाटलं आणि झोपलो. ही पहिली चूक.

दिवस ४ ते ११

७८ खर्च असेल तर दरमहा चांगली शिल्लक राहायला हवी, पण खातं वर्षभर जागेवरच होतं. मग स्टेटमेंट काढली. आधी तीन महिन्यांची, तर सरासरी ९१ आली. तेवढ्यावर थांबणार होतो पण बायको म्हणाली की अरे यात विम्याचा हप्ता कुठाय, शाळेची फी कुठाय, गाडीचं काम कुठाय. मग बारा महिन्यांची काढली आणि तिथे १०० सापडले.

आठवून केलेल्या हिशोबात फक्त रोजचं आठवतं, वर्षातून एकदा येणारं आठवत नाही. आमच्याकडे असे अकरा खर्च निघाले. त्यातला फोन दुरुस्तीचा तर मी "एकदाच झाला" म्हणून वगळत होतो, पण दरवर्षी काहीतरी एकदाच होतंच ना, वस्तू बदलते फक्त. वेळ गेला साधारण नऊ तास, त्यातले चार तास नुसते कार्डाचे व्यवहार ओळखण्यात.

म्हणजे सहा महिन्यांची वाटलेली सोय ४.७ महिन्यांची होती.

दिवस १२

आटवलेला खर्च काढला. म्हणजे उद्या पगार थांबला तर कशावर भागेल. ६७ आला. त्यातले ३१ ईएमआयचेच, त्याला हात लावता येत नाही. आईची औषधं आणि मुलीची शाळा यांना हात लावायचा नाही हे आधीच ठरलं. बाकी यादी बायकोने कापली, मी प्रत्येक ओळीला अडत होतो. ६७ हा आकडा पेन्सिलीने लिहिलाय कारण अजून तो जगून बघितलेला नाही.

दिवस १५

क्रेडिट कार्ड. हे लिहायला जड जातंय पण लिहितो. वर्षाचे मोठे खर्च आम्ही कार्डावर टाकत होतो आणि बिल आलं की "किमान रक्कम" भरत होतो. असे आठ महिने चाललं आणि ४५ थकले होते. व्याज महिन्याला ३ टक्के. ऐकायला तीन टक्के कमी वाटतात, पण चक्रवाढीने वर्षाचे ४२ टक्क्यांच्या वर जातात. आणि त्याच वेळी त्याच घरात एफडीत ४१० पडून होते, वर्षाला ६ टक्क्यांनी. एका खिशातून बेचाळीस टक्के देत होतो आणि दुसऱ्या खिशात सहा टक्के आले म्हणून खूश होतो.

आणखी एक गोष्ट मला माहीतच नव्हती. थकबाकी असताना कार्डावर जी नवीन खरेदी करतो तिच्यावर पहिल्या दिवसापासून व्याज लागत होतं. बिनव्याजी दिवस मिळतात ते मागचं बिल पूर्ण भरलं तरच, अशी अट कागदात बारीक अक्षरात होती.

४५ ची एफडी मोडली, मुदतीआधी मोडल्याचा दंड किरकोळ बसला. कार्ड शून्यावर. आठ महिन्यांत साधारण ९ ते १० फुकट गेले.

दिवस १७

सगळ्यात महाग दिवस. बाजार सलग पाचव्या दिवशी पडत होता, मी ऑफिसात दर दहा मिनिटांनी फोन बघत होतो, आणि दुपारी कुणाला न विचारता शेअर फंडातल्या ९०० पैकी ३०० विकून टाकले. विकल्यावर खरंच हलकं वाटलं, साधारण दोन तास.

रात्री बायकोला सांगितलं. ती ओरडली नाही, एवढंच विचारलं, "हे पैसे आपल्याला कधी लागणार होते?" मला उत्तर देता आलं नाही. ते मुलीच्या पुढच्या शिक्षणाचे, म्हणजे अजून नऊ-दहा वर्षांनी लागणारे. मी नऊ वर्षांनंतरचा पैसा या आठवड्याच्या भीतीने विकला.

(तीन आठवड्यांनी टाकलेली भर: भाव माझ्या विक्रीच्या ७ टक्के वर गेले. म्हणजे २१ गेले, वर कर आणि मुदतीआधी बाहेर पडल्याचा चार्ज मिळून ६. एकूण २७. पाव महिन्याच्या खर्चापेक्षा जास्त.)

दिवस २१

झोप लागत नव्हती म्हणून जुने आकडे बघत बसलो. २०२० मध्ये अमेरिकेचा एस अँड पी ५०० निर्देशांक १९ फेब्रुवारीपासून २३ मार्चपर्यंत सुमारे ३४ टक्के पडला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जुन्या उच्चांकाच्या वर बंद झाला. हे वाचून वाटतं की काही करूच नये, गप्प बसावं. मग जपानचा निक्केई बघा. १९८९ च्या डिसेंबरअखेर जो उच्चांक झाला तो परत ओलांडायला २०२४ चा फेब्रुवारी उजाडला. चौतीस वर्षं. १९२९ नंतर अमेरिकेचा डाऊ १९३२ पर्यंत जवळजवळ ८९ टक्के पडला आणि जुनी पातळी १९५४ मध्ये दिसली, लाभांश न धरता. एस अँड पीची २००७ ते २००९ ची पडझड सुमारे ५७ टक्क्यांची, ती भरायला २०१३ चा मार्च आला.

सहा महिने, साडेपाच वर्षं, पंचवीस वर्षं, चौतीस वर्षं. यावेळी यातलं कुठलं होणार हे मला कळणार नाही आणि जो सांगतो त्यालाही कळत नाही. त्यामुळे "बाजार कधी सावरेल" हा प्रश्न मी वहीत खोडला आणि बायकोचा प्रश्न वर लिहिला : हे पैसे कधी लागणार? आणि निक्केई बघितल्यावर हेही लिहिलं की लांबचा पैसा असला तरी सगळा एकाच देशाच्या बाजारात नको.

दिवस २४

प्रत्येक रकमेपुढे तारीख लिहायला घेतली. रक्कम तर सगळ्यांना पाठ असते, तारीख कुणी लिहीत नाही. वर्षाच्या आत लागणारे, पाच वर्षांपर्यंत लागणारे आणि त्यापुढचे, एवढेच तीन कप्पे.

इथे एक धोंडा निघाला. २४० एका बाँड फंडात (म्हणजे कर्जरोख्यांच्या फंडात) होते, मी त्यावर "सेफ" लिहून ठेवलेलं, आणि ते दोन वर्षांनी फीसाठी लागणार होते. उघडून बघितलं तर ते २२९ झालेले. शेअर नाहीत तर पडले कसे? फंडाच्या माहितीपत्रकात मॉडिफाइड ड्युरेशन नावाचा एक आकडा असतो, आमच्या फंडाचा ८ होता. त्याचा साधा अर्थ, व्याजदर एक टक्का चढले तर फंडाची किंमत साधारण ८ टक्के उतरते. दर अर्ध्या टक्क्याच्या आसपास चढले होते, म्हणून ११ गेले. २०२२ मध्ये हेच मोठ्या प्रमाणावर झालं होतं, मध्यवर्ती बँका भराभर दर वाढवत होत्या आणि शेअर आणि लांब मुदतीचे बाँड दोन्ही एकाच वर्षी पडले, तेव्हा मी बातम्या वाचल्या होत्या पण आपल्या फंडाशी जोडल्या नाहीत.

पैसा दोन वर्षांत लागणार आणि फंड लांब मुदतीचा, ही माझी चूक, फंडाची नाही. तोटा मान्य करून २२९ कमी मुदतीच्या फंडात हलवले. दर खाली आले असते तर तोटा भरून निघाला असता हे खरं, पण फी भरायची तारीख व्याजदर बघून बदलत नाही.

दिवस ३१ ते ३६ : रंगीत तालीम

नोंदवहीतलं सगळ्यात उपयोगी काम हेच, जमलं तर हे एक तरी कराच. शुक्रवारी संध्याकाळी ठरवलं की समजा आत्ता हॉस्पिटलला पैसे भरायचेत, आणि प्रत्येक ठिकाणाहून थोडी थोडी रक्कम खरोखर काढून बघितली.

सेव्हिंगमधले लगेच आले, पण दिवसाची मर्यादा लागली जी मी कधीतरी सुरक्षेसाठी स्वतःच कमी करून ठेवली होती. माझी एफडी फोनवरून मोडली, अर्ध्या तासात पैसे. बायकोची एफडी शाखेत जाऊन काढलेली, ती फोनवर दिसते पण मोडता येत नाही, आणि तिथे नोंदलेला नंबर तिचा जुना. सोमवारी रजा टाकून नंबर बदलला, मंगळवारी परत जाऊन एफडीचं काम केलं. फंडातले पैसे, शुक्रवारची वेळ उलटून गेल्यामुळे अर्ज सोमवारचा धरला आणि बुधवारी जमा झाले. पाच दिवस. कागदावर यालाही आम्ही "हातातला पैसा" म्हणत होतो.

आणि एक निघालं ते पैशापेक्षा वेगळं होतं. सर्वात जुन्या एफडीवर वारसदार (नॉमिनी) म्हणून बाबांचं नाव. बाबांना जाऊन तीन वर्षं झाली. ते नाव स्क्रीनवर बघून दोघंही थोडा वेळ काही बोललो नाही. मग सगळी खाती, पॉलिसी, फंड एकेक उघडून वारसदार तपासले, आणखी दोन ठिकाणी रकानाच रिकामा होता.

दुरुस्ती: मोठ्या एफडी मोडून छोट्या छोट्या केल्या, दर दोन महिन्यांनी एक पिकेल अशा. म्हणजे ३० लागले तर २०० ची मोडायला नको. एक खातं दोघांच्या नावे, कुणीही एकटा काढू शकेल असं.

दिवस ४०

विकलेल्या ३०० पैकी खर्च जाऊन २९४ हातात होते. मनात आलं की कर्ज फेडू, कर्ज कमी म्हणजे चिंता कमी. ६० भरले पण. पुढच्या महिन्यात ईएमआय बघतो तर तेवढाच, ३१. बँकेने मुदत कमी केली होती, हप्ता नाही. हप्ता कमी हवा असेल तर तसं लिहून द्यावं लागतं असं नंतर कळलं, आणि नव्याने अर्ज द्या म्हणाले.

चांगल्या दिवसांत मुदत कमी होणं फायद्याचं, एकूण व्याज जास्त वाचतं. पण पगार जाण्याची भीती असताना आम्हाला महिन्याचा बोजा कमी हवा होता, आणि झालं असं की हातातले ६० भिंतीत गेले आणि बोजा तसाच. भिंतीतून पैसे परत काढायचे तर पुन्हा कर्जच मागायचं, आणि पगार नसलेल्याला ते कोण देणार.

उरले २३४. त्यातले ८४ एफडीत टाकले. आता सेव्हिंग आणि एफडी मिळून ५०९. बाकी १५० परत शेअर फंडात, पण सहा महिन्यांत २५-२५ करून आणि यावेळी निम्मे जगभरच्या बाजारांत पैसे लावणाऱ्या इंडेक्स फंडात. एकदम टाकले तर सरासरीने बरे ठरतात असं बरेच जण म्हणतात, पण मी दिवस १७ ला काय केलं ते मला माहितेय, एकदम टाकून परत पडलं तर मी परत विकीन. त्यामुळे तुकडे.

दिवस ५२ ते ८२ : एका पगारावर महिना

माझा पगार जाईल अशी भीती, म्हणून माझा पगार आला त्या दिवशी वेगळ्या खात्यात टाकला आणि महिना बायकोच्या ६० वर काढायला घेतला. आटवलेला खर्च ६७, म्हणजे ७ कमी पडतील असा हिशोब.

कमी पडले २१. खर्च झाला ८१.

कुठे गेले ते रोज लिहिलं. आईच्या दोन तपासण्या. पाण्याची मोटर जळाली. मुलीच्या वर्गाची सहल, तिला नाही म्हणवलं नाही. तिसऱ्या आठवड्यात दोघंही इतके दमलो होतो की चार वेळा बाहेरून जेवण आलं. ६७ हा आकडा बसून काढलेला होता, त्यात दमणं धरलेलं नव्हतं. पेन्सिलीचे ६७ खोडून पेनाने ८१ लिहिले.

आता खरा हिशोब. दोघांचेही पगार थांबले तर ५०९ भागिले ८१, सव्वासहा महिने. फक्त माझा थांबला तर दरमहा २१ ची तूट, म्हणजे दोन वर्षं. दुसरा आकडा बघून पहिल्यांदा शांत झोप लागली.

दिवस ८३

बायकोचं कॉन्ट्रॅक्ट वाढवलं नाही. दोन आठवड्यांची मुदत. तिच्याकडे तर सगळं ठीक चाललं होतं, धोका माझ्याकडे होता ना, ८३ दिवस आम्ही माझाच पगार पुसून हिशोब करत होतो. संध्याकाळी ती मुलीचा अभ्यास घेत बसली होती आणि मला वहीतल्या एकाही पानाला हात लावावासा वाटला नाही.

दिवस ८६

पैशाचं जमतंय. माझे १०५, खर्च ८१, चोवीस उरतात.

पण आरोग्य विमा तिच्या ऑफिसचा होता. चौघांचा. मी नोकरी बदलली तेव्हा माझ्या कंपनीने कुटुंबाचं विचारलं होतं आणि मी नको म्हणालो होतो, कारण तिचं कव्हर मोठं होतं आणि त्यात आईही होती. शेवटच्या कामाच्या दिवशी रात्री ते संपणार. तारखांचे कप्पे, तालीम, वारसदार, सगळं केलं आणि पगाराला काय काय बांधलेलं आहे ही यादीच केली नाही. फक्त पगाराची रक्कम पुसून बघितली, पगाराबरोबर जाणारं बाकीचं तसंच धरलं.

दिवस ८७ ते १०१

माझ्या एचआरला विचारलं. जोडीदाराचं कव्हर गेलं तर ३० दिवसांत कळवून वर्षाच्या मध्येही कुटुंब घालता येतं, असा आमच्याकडे नियम निघाला. तिच्या ऑफिसकडून कव्हर संपल्याचं पत्र लागलं, ते मिळायला सहा दिवस आणि चार फोन. बायको आणि मुलगी आत आल्या. आईवडिलांना घेत नाहीत.

आईसाठी वेगळी पॉलिसी. वय आणि बीपी. एका कंपनीने नाही म्हटलं. दुसरीने घेतलं, पण बीपीशी संबंधित आजारांसाठी प्रतीक्षा काळ, आणि हप्ता वर्षाला १४. फॉर्म भरताना ओळखीतले एकजण म्हणाले की बीपी लिहू नका. मी लिहिलं. लपवलं आणि नेमक्या वेळी क्लेम नाकारला तर तो हप्ता कशाला भरायचा.

आई चार दिवस पूर्णपणे विम्याशिवाय होती. त्या चार दिवसांत ती खोकली तरी मी उठून बघत होतो.

एफडीतले ६० बाजूला काढून त्यावर आईचं नाव लिहिलं. ते आता सहा महिन्यांच्या सोयीत धरायचे नाहीत, म्हणजे ४४९ राहिले, साडेपाच महिने.

दिवस १०४

महिन्याची गुंतवणूक ४० वरून १५ केली. पूर्ण बंद करणार होतो, पण बंद केलेली गोष्ट परत सुरू करायला आपण किती महिने लावतो ते माहीत आहे. २५ चे तुकडे टाकणं मात्र थांबवलं. दोन टाकून झाले होते, उरलेले १०० सध्या एफडीत.

आणि वाद झाला. बायकोला सहा आठवड्यांचा एक कोर्स करायचाय, फी १२. मी म्हटलं, अगं आत्ता खर्च नको. ती म्हणाली की तू शेअर पडत असताना दरमहा १५ टाकणार, मग माझ्यात १२ का नाही टाकायचे. दोन दिवस गेले यात. मग वहीच उघडली. तिचे ६० दरमहा म्हणजे वर्षाचे ७२०. शेअर फंडात आज जेवढं शिल्लक आहे जवळजवळ तेवढं ती एका वर्षात कमावत होती, आणि आमच्या सगळ्या कप्प्यांत तिच्या कमावण्याच्या ताकदीला एक ओळही नव्हती. माझ्याही नव्हती. फी भरली.

दिवस १२०

माझ्याकडचा आढावा झाला, आमच्या टीममधले तिघे गेले, मी राहिलो, पुढचा आढावा तीन महिन्यांनी. बायकोला जुन्या ओळखीतून छोटं काम मिळालंय, या महिन्यात १८ येतील. कोर्सचे चार आठवडे बाकी.

आतापर्यंतचं नुकसान जोडलं तर कार्डाचं १०, घाईच्या विक्रीचं २७, बाँडचं ११, मिळून ४८, म्हणजे जवळजवळ अर्ध्या महिन्याचा खर्च. वेळ दोघांचा मिळून साठेक तास, रजा दोन.

बाकी कामं: ईएमआय कमी करून घेण्याचा अर्ज दिलाय, उत्तर नाही. माझ्या पगाराला काय काय बांधलेलं आहे त्याची यादी काल केली, सात गोष्टी निघाल्या, त्यात आयुर्विमाही फक्त कंपनीचाच आहे हे दिसलं. स्वतःचा टर्म प्लॅन घ्यायचा, मेडिकल शनिवारी सकाळी आहे, उपाशीपोटी जायचंय.